मध्यें उभें केलेलें लेंकरूं

शास्त्रपाठ : मत्तय, अध्याय १८, वचनें १ ते २०; २ शमुवेल, अध्याय १३, वचनें १ ते २२.



शिष्यांचा वाद मोठेपणाविषयीं होता. स्वर्गाच्या राज्यांत मानाचा पाट कोणाचा, हें त्यांस जाणून घ्यावयाचें होतें. प्रभूनें त्यांस लागलेंच उत्तर दिलें नाहीं. त्यानें एका लेंकराला हांक मारली आणि त्या मोठ्या माणसांच्या मध्यें त्याला उभें केलें. त्या लेंकराचें नांव शास्त्रांत नाहीं. तें मुलगा होतें कीं मुलगी, कोणाच्या घरचें होतें, त्याच्या अंगावर धड वस्त्र होतें कीं नव्हतें, यांतलें कांहींच आम्हांस सांगितलेलें नाहीं. तें मध्यें होतें, एवढेंच सांगितलें आहे. आमच्या गांवच्या बैठकींत लेंकरें कोठें असतात हें प्रत्येकानें आठवून पाहावें. पंच पारावर बसतात, बायका भिंतीच्या आडोशाला बसतात, आणि लेंकरांस हुसकून दिलें जातें. लेंकराचीच गोष्ट निघाली असली तरी लेंकरूं तेथें नसतें.

कित्येक टीकाकार म्हणतात कीं, या अध्यायांतील 'लहान' हा शब्द दुबळ्या विश्वासणाऱ्यांसही लागू आहे. तें खरें असेल. परंतु प्रभु बोलत होता तेव्हां तें लेंकरूं तेथेंच उभें होतें, आणि त्या शब्दांचा पहिला अर्थ त्याच्या अंगावरून पुसून टाकण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. लहानाचा घात करणाऱ्याची गोष्ट निघाली तेव्हां, ज्यानें वैऱ्यांसाठीं प्रार्थना केली त्याच मुखांतून गळ्यांत बांधलेल्या जात्याचे व खोल समुद्राचे शब्द निघाले. आणि तें जातें आमच्या बायका पहांटे फिरवीत असत तें हातजातें नव्हे, गाढवानें ओढावयाचें मोठें जातें होय. सबंध शुभवर्तमानांत इतके कठोर शब्द फार थोड्या ठिकाणीं आहेत.

आज आम्हांस ज्याविषयीं लिहावयाचें आहे तो विषय कित्येकांस उपदेशाच्या जागीं नवा वाटेल. देशाच्या न्यायव्यवस्थेंत लेंकरांचे जे हक्क आहेत व त्यांच्या रक्षणाचे जे कायदे आहेत, त्यांचा आमच्या मंडळ्यांशीं काय संबंध, हा तो विषय आहे. कोर्टकचेरी ही जगाची बाब आहे, मंडळीनें तिच्यापासून दूर राहावें, असें म्हणणारे चांगले बंधु आम्हांस ठाऊक आहेत. परंतु इस्राएलांत न्याय वेशींत बसून होत असे. ती त्या राष्ट्राची कचेरीच होती. आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत व यशयाच्या पहिल्या अध्यायांत देवानें अनाथाचा न्याय मागितला आहे तो मंदिरांत नव्हे, त्या वेशींत मागितला आहे. यज्ञांचा धूर भरपूर चढत होता. तो देवाला नकोसा झाला तो ह्याच कारणानें.

आमच्या देशाच्या वेशींत लेंकरूं मध्यें उभें राहण्यास फार काळ लागला. अकरा वर्षांच्या वयांत लग्न झालेल्या रखमाबाईवर नवऱ्यानें मुंबईच्या हायकोर्टांत १८८४ सालीं दावा लावला, आणि १८८७ सालीं कोर्टानें तिला नवऱ्याच्या घरीं जा नाहीं तर तुरुंगांत जा असें सांगितलें. तिनें तुरुंग पत्करीन असें कळविलें. पुढें १८८८ सालीं तें प्रकरण तडजोडीनें मिटलें, व ती विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आली. त्याच काळीं पारशी गृहस्थ बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाहाविरुद्ध लेखणी उचलली, आणि १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन दहाचें वय बारा झालें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढें दुष्काळांतून मुलींस आणून केडगांवीं मुक्तिसदन वसविलें, हें आमच्या लोकांस सांगावयास नको. १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत मुलांसाठीं निराळा कायदा झाला. १९२९ सालीं सारडा कायदा झाला. त्यानें मुलीच्या लग्नाचें वय १४ व मुलाचें १८ ठरविलें, आणि १९७८ सालीं तीं वयें १८ व २१ झालीं. १९८९ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं बालहक्कांची संहिता संमत केली व १९९२ सालीं हिंदुस्थानानें ती मान्य केली. हें काम हिंदूंनीं केलें, पारशांनीं केलें, ख्रिस्त्यांनीं केलें. देवानें आपलें काम करवून घेतांना सर्वांचे हात वापरले, ह्याबद्दल आम्हीं त्याचे आभारच मानावे.

आतां दुसऱ्या शास्त्रपाठाकडे वळूं. हा पाठ मंडळींत क्वचितच वाचला जातो, आणि कां वाचला जात नाहीं हें तो वाचल्यावर समजतें. दावीद राजाच्या घरांत तामार नांवाची अविवाहित मुलगी होती. तिच्या सावत्र भावानें, अम्नोनानें, आजाऱ्याचें सोंग घेतलें. बापानेंच तिला त्याच्या घरीं भाकरी करून घालावयास पाठविलें. तेथें तिच्यावर बलात्कार झाला, आणि मग तिला चाकराकरवीं बाहेर काढून दाराला कडी लावली. तिनें डोक्यांत राख घातली, अंगावरचा झगा फाडला आणि मोठ्यानें रडत ती रस्त्यानें गेली.

येथवर दोष एकट्या अम्नोनाचा, व त्याला युक्ति सांगणाऱ्या योनादाबाचा आहे. यापुढें मात्र सबंध घराचा दोष सुरू होतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प बसावयास सांगतो. कारण काय, तर तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊं नकोस. राजाच्या कानीं सर्व गोष्ट गेली. तो फार संतापला. पुढें काय केलें? कांहीं नाहीं. जो राजा वेशींत बसून सर्व इस्राएलाचा न्याय करणारा, त्यानें आपल्या मुलीचा न्याय केला नाहीं. तामार भावाच्या घरीं उजाड होऊन राहिली, आणि शास्त्रांत तिची पुढची हकीकत नाहीं. दोन वर्षांनीं मेंढरें कातरण्याच्या वेळीं अबशालोमानें अम्नोनाचा खून केला, पुढें बापावर बंड केलें, आणि त्या घरांत तरवार शिरली ती निघाली नाहीं. लोक म्हणतात, गप्प बसल्यानें घर वांचतें. दावीदाचें घर गप्प बसल्यानें वांचलें नाहीं.

बंधूंनो, दावीदाचा संताप आमच्यापैकीं पुष्कळांस परिचयाचा आहे. अशी गोष्ट कानीं आली म्हणजे आम्हांसही राग येतो, रात्रभर झोंप लागत नाहीं, आम्ही गुडघे टेंकतों; आणि सकाळीं उठून चार वडील माणसें बोलावून ती गोष्ट घरांतल्या घरांत मिटवितों. दोषी माणूस मंडळीचा वडील असला, शाळेचा मास्तर असला, मुलीचा चुलता असला, तर अधिकच लवकर मिटवितों. त्यानें अश्रु ढाळले, दोन महिने प्रभुभोजनापासून दूर राहिला, मुलीच्या बापाला कांहीं रुपये दिले, कीं झालें. त्या बैठकींत लेंकराला कोणी मध्यें उभें केलेलें नसतें.

ह्याविषयीं देशाचा कायदा काय म्हणतो तें प्रत्येक प्रचारकानें नीट ध्यानांत धरावें. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा कायदा, ज्यास लोक पोक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून चालू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांसही तो लागू आहे. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणें, असा अपराध घडला हें ज्यास कळलें, किंवा घडण्याचें भय ज्यास वाटतें, त्या प्रत्येक माणसानें पोलिसांस कळविलें पाहिजे. खात्री करून घेण्याचें काम कळविणाऱ्याचें नाहीं, तें पोलिसांचें व कोर्टाचें आहे. जो कळवीत नाहीं त्याला २१ व्या कलमाप्रमाणें सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. आणि संस्थेच्या मुख्यानें आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध झांकला तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. लेंकरूं स्वतः बोललें नाहीं म्हणून त्याला मात्र शिक्षा नाहीं. चांगल्या बुद्धीनें ज्यानें खबर दिली त्याच्यावर उलट खटला चालत नाहीं. ह्या कलमांत पाळक, उपदेशक किंवा बायबलबाई यांना वेगळें काढलेलें नाहीं.

तडजोडीविषयींही बोलणें जरूर आहे. राजस्थानांतील एका शिक्षकावर विद्यार्थिनीशीं दुर्वर्तन केल्याचा आरोप होता. मुलीच्या बापानें स्टँपाच्या कागदावर आमची तक्रार नाहीं असें लिहून दिलें, आणि हायकोर्टानें तेवढ्यावर खटला काढून टाकला. नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. असा अपराध दोन घरांमधला खाजगी मामला नव्हे, तडजोडीनें तो मिटत नाहीं, असें ठरविलें. लेंकराच्या वतीनें क्षमा लिहून देण्याचा अधिकार बापालाही नाहीं, मग चार वडिलांना तो कोठून आला?

येथें कोणी बंधु दोन वचनें आमच्यापुढें ठेवील, आणि तो तीं प्रामाणिकपणें ठेवील, म्हणून त्यांचा विचार सावकाश करूं.

पहिलें वचन ह्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील पंधरावें : भावानें अपराध केला तर आधीं एकांतीं जाऊन त्याला सांगावें, मग दोघांतिघांसह, मग मंडळीला. म्हणून पोलिसांत जाण्याआधीं घरांत बोलावें, असें म्हणतात. परंतु हें वचन ज्याचा अपराध झाला त्याला सांगितलें आहे, आणि बरोबरीच्या दोन भावांविषयीं सांगितलें आहे. ज्या मुलीला त्या माणसाच्या सावलीची भीति वाटते तिनें एकटीनें त्याच्या घरीं जाऊन त्याचा दोष त्याला दाखवावा, असें प्रभु सांगेल काय? तामार अम्नोनाच्या खोलींत एकटी होती, आणि एकांतांतच तिनें त्याला पुष्कळ सांगितलें. त्यानें ऐकलें नाहीं. शिवाय ह्याच अध्यायांत पंधराव्या वचनाच्या आधीं सहावें वचन आहे. जात्याचें वचन ओलांडून एकांताच्या वचनावर उडी मारणें हा शास्त्र वाचण्याचा मार्ग नव्हे.

दुसरें वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांतलें. भाऊ भावावर अविश्वासणाऱ्यांच्या कोर्टांत फिर्याद नेतो ह्याबद्दल पौल त्यांस लाजवितो, आणि त्यापेक्षां अन्याय सोसावा असें म्हणतो. हें वचन आमच्या खेड्यांत फार चालतें. पण पौल कशाविषयीं लिहीत आहे? रोजच्या व्यवहाराच्या तंट्यांविषयीं, एकानें दुसऱ्याला नाडण्याविषयीं. बांधाचा वाद, उसने पैसे, वांटणी, अशा गोष्टी. आणि सोसा असें तो कोणाला म्हणतो? ज्याची हानि झाली त्या वयांत आलेल्या माणसाला. आपलें सोडून देणें हा त्याग आहे. दुसऱ्याचें, तेंहि आईच्या पदराला धरून चालणाऱ्याचें, सोडून देणें ह्याला शास्त्रांत त्यागाचें नांव कोठेंच दिलेलें नाहीं. त्याच पत्राचा त्याच्या मागचाच अध्याय वाचावा. घरांतल्या जारकर्माविषयीं करिंथची मंडळी गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्यावर पौल किती रागावला आहे तें पाहावें. तोच पौल जीव धोक्यांत आला तेव्हां यहुदी पुढाऱ्यांच्या हातांत न जातां कैसराकडे दाद मागता झाला. अधिकारी हा वाईट करणाऱ्यासाठीं देवाचा सेवक आहे असें रोमकरांस लिहिणाराही तोच. देवाच्या ह्या सेवकाला त्याचें काम करूं न देणें ही भक्ति कशी होईल?

तरी मंडळीचा पश्चात्तापाचा उपदेश व शिस्त थांबत नाहीं. अपराध्याला तुरुंगांत भेटावयास जाणें, त्याच्या बायकापोरांची चूल पेटती ठेवणें, हें मंडळीचेंच काम आहे. फक्त तें पोलिसांच्या ठाण्याच्या ऐवजीं नाहीं.

आतां आईबापांचें भय. पोलीस घरीं येतील, गांवभर बोभाटा होईल, मुलीला कोर्टांत उभें करून नाहीं नाहीं तें विचारतील. हें भय खोटें नाहीं, आणि कचेरीच्या विलंबाविषयीं आम्ही कोणाला फसवूं इच्छीत नाहीं. कायद्यांत साक्ष तीस दिवसांत व खटला शक्य तोंवर एक वर्षांत संपवावा असें असलें तरी पुष्कळ खटले त्याहून लांबतात. परंतु कायद्यानें लेंकराला काय काय दिलें आहे हें आईबापांस ठाऊक असलें तर तें मागतां येतें. लेंकराचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणीं घ्यावा, होईल तोंवर स्त्री अधिकाऱ्यानें घ्यावा, आणि त्या वेळीं अंगावर पोलिसाचा पोषाख नसावा. रात्रीं लेंकराला ठाण्यांत ठेवूं नये. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनें करावी. खटला खास कोर्टापुढें, दारें बंद करून, आईबाप किंवा लेंकराचा भरंवसा आहे अशा माणसाच्या समक्ष चालतो. साक्ष देतांना आरोपी लेंकराच्या नजरेस पडूं नये अशी योजना करावयाची असते. त्याला पुन्हा पुन्हा बोलावूं नये, दरडावून विचारूं नये, मधून मधून विसावा द्यावा. त्याचें नांव, घर, शाळा, चित्र कोणत्याही वर्तमानपत्रांत येतां कामा नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे. बालकाला तेथें वकील फुकट मिळतो. प्रचारकानें हीं कलमें पाठ करावींत असें नाहीं, पण एका वहींत उतरून ठेवावींत. ठाण्यांत गरीब माणसाच्या हातीं असलेली वही पुष्कळदां त्याच्या आवाजापेक्षां अधिक ऐकली जाते.

आणि मंडळीनें स्वतःचें तोंड आवरावें. प्रार्थनासभेंत नांव घेऊन त्या मुलीसाठीं प्रार्थना करणें हाही बोभाटाच आहे. देवाला तिचें नांव ठाऊक आहे.

लग्नाविषयीं. दसरा-दिवाळी झाली कीं आमच्या दुष्काळी भागांतून उसाच्या तोडीला गाड्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो. घरीं चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असली तर बापापुढें दोनच वाटा दिसतात. तिला बरोबर न्यावें तर पाचटाच्या खोपींत तिची लाज राखावी कशी. मागें ठेवावें तर घरांत कोण आहे. मग तोडीला जाण्यापूर्वीं घाईनें तिचा हात कोणाच्या तरी हातांत देतो. तो निर्दय आहे म्हणून नव्हे, त्याला भय आहे म्हणून. अशा बापाला नुसता धिक्कारून येणाऱ्या उपदेशकानें त्याची काय सेवा केली? सन २०१९ ते २१ मध्यें देशाची जी आरोग्य पाहणी झाली तींत, वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रांतील स्त्रियांपैकीं शंभरांत सुमारें २२ जणींचीं लग्नें अठराच्या आंत झालेलीं आढळलीं. त्यांत आमच्या मंडळ्यांतल्या किती, हें आमच्या नोंदवह्या सांगतील.

कायदा येथें स्पष्ट आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणें मुलीचें वय १८ व मुलाचें २१ पुरें झालें पाहिजे. जो असें लग्न लावतो त्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. जो जुळवितो, होऊं देतो, त्यांत भाग घेतो, तोही सुटत नाहीं. आमच्यासाठीं १८७२ चा ख्रिस्ती विवाहाचा कायदा आहे, त्याच्या ६० व्या कलमांतही तींच वयें आहेत. म्हणून परवाना असलेल्या उपाध्यायानें वयाचा दाखला डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय लग्नाची प्रसिद्धि वाचूं नये. आमचे कित्येक प्रचारक लग्न लावीत नाहींत. पण घरीं बोलावलें तर जातात, प्रार्थना करितात, अक्षता पडल्या कीं जेवून येतात, आणि आम्हीं कांहीं लावलें नाहीं म्हणतात. तें जेवण आम्हांस महाग वाटतें. आणखी एक. मुलीचें वय वाढवून लिहून देण्याची गळ कधीं कधीं प्रचारकाला घालतात. मंडळीची नोंदवही हा साक्षीचा ग्रंथ आहे, तींत खोटें वय लिहिणें ही खोटी साक्ष आहे. आणि तिनें काम भागतही नाहीं, कारण वयाचा प्रश्न निघाला म्हणजे कोर्ट शाळेचा दाखला पाहतें, तो नसेल तर जन्माची नोंद, आणि दोन्ही नसतील तर डॉक्टरी तपासणी.

मग करावें काय? गांवचा ग्रामसेवक हा ह्या कायद्याखालीं बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, त्याला कळवावें. न्यायाधीशाकडून मनाईहुकूम आणतां येतो. मनाईहुकूम मोडून लागलेलें लग्न मुळांतच रद्द होय. इतर बालविवाहही, ज्याचें लग्न बाळपणीं लागलें त्याला, वयांत आल्यावर दोन वर्षांपर्यंत कोर्टांत जाऊन रद्द करून घेतां येतो. १०९८ हा नंबर फुकट आहे, लेंकरूं स्वतःही तो फिरवूं शकतें. शब्बाथशाळेंत वचनांबरोबर तोही पाठ करून घ्यावा. परंतु हें सर्व झाल्यावरही ती मुलगी चार महिने कोठें राहील हा प्रश्न उरतोच, आणि त्याचें उत्तर ग्रामसेवकापाशीं नाहीं. शाळांतून हंगामी वसतिगृहें चालतात, त्यांची चौकशी भाद्रपदांतच करावी. जेथें तें नाहीं तेथें मंडळींतील म्हाताऱ्या बायकांनीं, विधवांनीं, दोन दोन मुली आपल्या घरीं निजावयास घ्याव्या. प्रभूनें म्हटलेंच आहे कीं अशा लेंकराला त्याच्या नांवानें घरांत घेणें म्हणजे त्यालाच घेणें. आमच्या कित्येक बहिणींस एवढ्या सोप्या रीतीनें प्रभूला घरीं आणतां येईल.

आतां ज्या लेंकरानें स्वतःच अपराध केला त्याच्याविषयीं. जात्याच्या वचनानंतर थोड्याच वेळानें प्रभूनें चुकलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली, हें आम्हीं विसरूं नये. गांवांत पोरानें मोटारीची बॅटरी चोरली, दुकान फोडलें, कीं त्याला झाडाला बांधून मारतात, आणि मंडळींतले भाऊही मारणाऱ्यांत असतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडींत किंवा तुरुंगांत घालतां येत नाहीं. पकडल्यापासून चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढें आणावें लागतें. ह्या मंडळांत एक न्यायाधीश व दोन समाजसेवक बसतात, आणि त्या दोघांत निदान एक स्त्री असते. मंडळ त्याला समज देऊन सोडील, समाजाच्या उपयोगाचें काम देईल, देखरेखीखालीं आईबापांच्या हवालीं करील, किंवा फार तर तीन वर्षें विशेष गृहांत ठेवील. सोळा वर्षांवरच्या मुलानें अति घोर अपराध केला असेल तर मंडळ तपास करून त्याला मोठ्यांप्रमाणें चालविण्यासाठीं बालकांच्या न्यायालयाकडे पाठवूं शकतें. तेथेंही त्याला फांशी देतां येत नाहीं, किंवा सुटकेची आशाच नाहीं अशी जन्मठेपही देतां येत नाहीं. ज्याचा निकाल मंडळापुढेंच लागला त्याच्या माथीं तो डाग पुढें नोकरीच्या वेळीं लावतां येत नाहीं.

कांहीं लोकांस हा कायदा फार सैल वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. नव्याण्णव मेंढरांची गणती बरोबर लागली असतां एकासाठीं डोंगर तुडविणाऱ्या मेंढपाळाचे आम्ही लोक. आम्हांस तो परका वाटूं नये. मंडळाच्या तारखेला त्या पोराचा बाप एकटाच मजुरी बुडवून जातो, आणि कोणत्या दारांतून आंत जावें हेंही त्याला समजत नाहीं. प्रचारकानें त्या दिवशीं त्याच्याबरोबर जावें. पोरगा सुटून आला म्हणजे प्रार्थनेच्या वेळीं त्याच्या शेजारीं कोणीतरी बसावें. त्याची जागा रिकामी सोडून सरकूं नये.

आमच्या स्वतःच्या घराविषयीं दोन शब्द. शाळेंत मुलांस मारणें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बंद केलें आहे. वसतिगृहांतला वेत 'नीतिसूत्रां'चा आधार दाखवून चालत नाहीं. आणि ज्यांस आधार नाहीं अशीं लेंकरें सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेनें बाल न्याय कायद्याप्रमाणें नोंदणी केली पाहिजे. चांगल्या हेतूनें चार अनाथ मुलें घरीं ठेवून त्यांच्या नांवानें देणग्या मागणाऱ्या बंधूंस हें कडू लागेल, परंतु ज्या दारावर कोणाचीच देखरेख नाहीं त्या दाराच्या आंत काय होतें हें प्रभूलाच ठाऊक असतें.

शेवटीं त्या बाळाविषयीं, जें कधीं कधीं पहांटे प्रार्थनामंदिराच्या पायरीवर सांपडतें. मोशेला पेटाऱ्यांत सांपडलेला पाहून फारोच्या मुलीला दया आली, तशी आमच्या बहिणींसही येते, आणि एखाद्या मूल नसलेल्या जोडप्याला तें गुपचूप देऊन टाकावें असें वाटतें. तसें करूं नये. असें बाळ चोवीस तासांच्या आंत पोलिसांस, १०९८ ला किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळविलें पाहिजे. कागदाशिवाय दिलेलें मूल उद्यां विकलेलें ठरूं शकतें, आणि त्या बाळालाही कायद्यानें आईबाप मिळत नाहींत. पूर्वीं ख्रिस्ती जोडप्यांस दत्तक घेतां येत नसे, नुसतें पालक होतां येत असे. बाल न्यायाच्या कायद्यानें, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीपासून, तें दार कोणत्याही धर्माच्या माणसांस उघडलें आहे, तेव्हां त्या जोडप्यानें रीतीनें अर्ज करावा. आणि जी आई स्वतः समितीपुढें जाऊन बाळ सोंपवून देते तिला पुन्हा विचार करावयास कायदा दोन महिने देतो. त्या दोन महिन्यांत मंडळींतल्या एखाद्या वडील बाईनें तिच्याकडे जाऊन यावें.